रिचर्ड्स, सचिन आणि एक रद्द प्रमाणपत्र

सुपेला, भिलाई
सोमवार, ११ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मारोतकाका यांस,

भूमिकाचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि शीलाकाकूंची शुगर यांची चौकशी करायला तीनदा फोन केला. तुम्ही उचलला नाही, तेव्हा दोन्ही ठीक आहेत असे धरून चालते. चरोद्याहून आमच्याकडे लोकलने यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे पत्र टपाल पेटीतूनही बाहेर पडलेले नसेल. पण दुसरा मार्ग तुम्ही ठेवलेला नाही. घडले ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे निदान त्यावर वाद नको.

१. २९ सप्टेंबर, रविवार. माझी बोकारोला बदली झाल्याचे मी तुम्हा दोघा भावांना सांगितले. बाबा म्हणाले, "थांब बाई, याले आधी स्ट्राइक रेट समजावू दे."
२. १३ ऑक्टोबर. रिचर्ड्स मोठा की सचिन, याचे लेखी उत्तर मी तुम्हा दोघांना दिले.
३. २० ऑक्टोबर. तुम्ही ते लॅमिनेट करून आणले.
४. बाबांनी ते फाडण्याचा प्रयत्न केला. फाटले नाही.
५. तुम्ही निघून गेलात. त्यानंतर तीन रविवार आणि एक दिवाळी.

आता सविस्तर. प्लांटच्या प्रयोगशाळेत माझे काम म्हणजे तापमान आणि दाब मोजणारी यंत्रे खरे मोजतात की नाही हे तपासून प्रमाणपत्र देणे. (यंत्रे मध्येच बोलत नाहीत. हे त्या नोकरीचे मुख्य सुख आहे.) घरी मात्र मला समजायला लागल्यापासून दर रविवारी अकरा वाजता तुमचा एकच सामना चालू. रिचर्ड्सची सरासरी ४७, सचिनची ४४.८३, हे मला पाढ्यांसारखे पाठ झाले. तुम्ही म्हणणार, "काऊन गा दादा, हेल्मेट न घालता, चुइंगम चावत ठोकत होता तो! सांग तुया सचिनले, काढ म्हणा हेल्मेट." बाबा म्हणणार, "अन् तुया रिचर्ड्स आऊट झाल्यावर घरोघरचे टीव्ही बंद होत होते का बे?" मग चहा. मग तेच पुन्हा, फक्त आवाज वर. आई होती तोवर ती दोघांच्या मध्ये पोह्यांची ताटली ठेवून तह घडवून आणायची. मला पोहे जमत नाहीत, आकडे जमतात.

म्हणून मी आकडे घेतले. वेगवेगळ्या काळांतले दोन फलंदाज थेट शेजारी ठेवता येत नाहीत. साठ षटकांचे सामने, पन्नास षटकांचे सामने, सर्कलचे बदलते नियम, दोन्ही टोकांकडून नवा चेंडू, बॅटांची जाडी, सगळेच वेगळे. त्यामुळे प्रत्येकाची तुलना त्याच्याच काळातल्या इतर फलंदाजांशी करायची आणि तो त्यांच्यापेक्षा किती पुढे होता, ते मोजायचे. बारा संध्याकाळी गेल्या. रिचर्ड्स शंभरात चार गुणांनी पुढे निघाला. मी ते आमच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात छापले, खाली सही केली आणि शेऱ्यात लिहिले: वाद बंद.

तुम्ही ते लॅमिनेट कराल, हे माझ्या हिशेबात नव्हते. वर तुम्ही त्याला रिबीन बांधून आणलेत. बाबांनी आधी हातांनी ओढले, मग दातांनी, मग कात्री मागितली. (मी दिली. ती माझी चूक नाही, त्यांनी नीट मागितली होती.) तुम्ही सोफ्यावर टाळ्या वाजवत, "फाटत नाई दादा, सर्टिफिकेट हाये ते!" बाबा म्हणाले, "मंग घेऊन जाय. अन् येत नको जाऊ." एकसष्ट वर्षांच्या माणसाने बासष्ट वर्षांच्या माणसाचे बोलणे इतके शब्दशः घेऊ नये. पण तुम्ही घेतलेत.

तेव्हापासून दर रविवारी बाबा अकराला दोन खुर्च्या बाहेर काढतात आणि बाराला आत ठेवतात. काल तुमच्या जागी मी बसले. त्यांनी सचिनबद्दल एक विधान केले. मी ते तपासून बरोबर असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "तुयाशी मजा नाई." बोकारोहून मी रोज फोन करणार आहे. पण फोनवर ते मला फक्त "हो" आणि "जेवलो" एवढेच सांगतात, आणि यातले दुसरे नेहमी खरे नसते. तुम्ही रविवारी यायचात, म्हणून तरी ते शनिवारी दाढी करायचे. आता करत नाहीत.

काकूंना नमस्कार.

आपली,
भूमिका

ता. क. १ – कोणत्याही मोजमापाच्या प्रमाणपत्रावर एक ओळ असावीच लागते: मोजण्यात चूक किती होऊ शकते. मी ती ओळ लिहिली नाही. रिचर्ड्सचे सामने १८७, सचिनचे ४६३, आणि जुन्या काही सामन्यांत कोण किती चेंडू खेळला याची नोंदच नाही. चूक सहा गुणांपर्यंत असू शकते. फरक चार गुणांचा आहे. म्हणजे काहीही सिद्ध झालेले नाही. हे मला १३ तारखेला माहीत होते. मी विसरले नव्हते. २९ सप्टेंबरला, तू कधी जाणार, असे तुम्हा दोघांपैकी एकानेही विचारले नाही. (अजून विचारलेले नाही. २४ तारखेला जाते आहे.)

ता. क. २ – डिसेंबर १९८३ मध्ये तुम्ही दोघे गाडीने जमशेदपूरला सामना बघायला गेला होता आणि तिकीट एकच मिळाले होते. डोके दुखते म्हणून बाबांनी ते तुम्हाला दिले आणि ते बाहेर चहाच्या टपरीवर थांबले. आत रिचर्ड्सने एकशे एकोणपन्नास केले. तुम्ही निघून गेलात त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "डोकं नव्हतं दुखत. तीस वर्सं मी म्हणून राहिलो का सचिनच मोठा, म्हंजे माह्यं काई गेलं नाई. तुया कागदानं सांगतलं, गेलं."

ता. क. ३ – आमच्याकडे सदोष प्रमाणपत्र परत मागवतात. सुधारित प्रत सोबत आहे. शेरा: ठरवता येत नाही, वाद चालू ठेवावा. लॅमिनेट केलेली जुनी प्रत रविवारी, १७ तारखेला, सकाळी अकरा वाजता स्वतः आणून बाबांच्या हातात द्यावी. येणार की नाही, ते शुक्रवार, १५ नोव्हेंबरपर्यंत कळवावे.