फेटलिंग म्हणजे काय

आप्पा, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला सापडलं आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लिहिते आहे.

खंडेनवमी होती. तळवड्याच्या तुमच्या फाउंड्रीत त्या दिवशी यंत्रं बंद, ग्राइंडरला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. घरच्यांना आत येऊ देत ते फक्त त्या दिवशी, म्हणून तुमचं काम चालू असताना मी कधी पाहिलंच नाही. पाहिली ती धुतलेली शांत शेड, आणि इस्त्रीच्या शर्टावर चामड्याचा रुंद पट्टा बांधून पेढे वाटणारे तुम्ही. जड कास्टिंग उचलताना पाठ धरू नये म्हणून रोज बांधायचात तो पट्टा, पूजेलाही सुटत नसे. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही सोबत्यांसमोर मला पुढे केलंत. "आमची पोरगी इंग्रजीतनं शिकतीय. सांग गं यांना, फेटलिंग म्हंजी काय? जल्म गेला करण्यात, नाव कशाचं ते कळलं न्हाई." मी पुस्तकातली व्याख्या सांगितली: ओतीव भागावरचं जादा लोखंड घासून काढणं. "म्हंजी लोखंडाची हजामतच की राव!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले, तुम्हीही. मोशीला घरी परतताना गाडीवर मात्र तुम्ही मान न वळवता विचारलंत, "एवढंच असतं व्हय?" "एवढंच," मी म्हणाले.

व्याख्या बरोबर होती. आज चाकणला मी बाहेरून आलेली कास्टिंग तपासते, तिथेही तोच अर्थ चालतो. पण मागे एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये ग्राहकाकडच्या वयस्क इंग्रज इंजिनिअरला प्रकृती विचारली, तर त्याच्या उत्तरात हाच शब्द आला: "इन फाइन फेटल." मीटिंग संपल्यावर शब्दकोश उघडला. फेटल म्हणजे तब्येत, ठाकठीक असणं. इंग्लंडच्या उत्तरेकडे घर आवरणं, मोडलेलं नीट करणं, हेही फेटलच. भट्टीला आतून लेप देणं, तेही. आणि या सगळ्याच्या मुळाशी, फार जुन्या इंग्रजीत, एक साधी वस्तू: कमरेचा पट्टा. तो बांधून कामाला तयार होणं, आपण कंबर कसणं म्हणतो तसं. घासणं खूप नंतर आलं.

छातीत धूळ बसल्याचं निदान झालं, कामावर जाणं थांबलं, तरी आंघोळ झाली की तुम्ही पट्टा बांधायचात. "आता कशाला?" आई विचारायची. "बांधल्याबिगर उभं राहिल्यावानी वाटत न्हाई." मलाही ते निरर्थक वाटायचं. पट्टा सैल होत गेला तशी तुम्ही खिळ्याने पुढे नवी भोकं पाडत गेलात.

त्या दिवशी "एवढंच"ऐवजी "बघून सांगते" म्हणाले असते, तर तुम्ही हे सगळं शेडमध्ये सोबत्यांना ऐकवलं असतं. मोठ्याने, मला शेजारी उभं करून.

हा कागद घडी करून ठेवून देईन. यंदा खंडेनवमीला आईने पट्टा पाटावर मांडला, मी हळदकुंकू वाहिलं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी तो बांधून पाहिला. शेवटच्या भोकात मला बरोबर बसला. हे आईला सांगितलेलं नाही.