सिनेट माझ्या बाजूने आहे

मंगळवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. इतिहास घडताना कुणीतरी नोंद ठेवायला हवी आणि उइटहॉर्न गावात दुसरं कोणी लायक दिसत नाही.

परिस्थिती अशी. डच पासपोर्टसाठी सध्या पाच वर्षं राहावं लागतं. नवं विधेयक म्हणतं, दहा. खालच्या सभागृहात पास झालंय, वरच्या, म्हणजे सिनेटमध्ये अडकलंय. माझी पाच भरलीत. फक्त डच बोलण्याची परीक्षा राहिली आहे. इकडे ऑफिसात आमचं प्रोजेक्ट बंद होणार अशी कुजबुज. नोकरी गेली की माझ्या परमिटवर राहणारे आम्ही तिघं, मी, बायको शुभदा आणि दहा वर्षांची लेक आर्या, गाशा गुंडाळून पुण्याला. आर्याला मराठी वाचताही येत नाही. थोडक्यात, पासपोर्ट पाहिजेच.

माझी आणि शुभदाची परीक्षा ३१ तारखेला. संकल्प: रोज एक तास डच. उद्यापासून.

रविवार, ८ मार्च
डच झालं नाही. सिनेटचा अभ्यास झाला. कोण कुठल्या पक्षाचा, कोण नाराज, सगळं एक्सेलमध्ये रंगवलं. सत्ताधाऱ्यांचं बहुमत काठावरचं. दोघं फुटले की खेळ खलास. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे शिकवायला नको. शुभदा म्हणाली, तेवढ्या वेळात भूतकाळाची क्रियापदं तरी झाली असती. हिला राजकारण कळत नाही.

मंगळवार, २४ मार्च
सिनेट फक्त मंगळवारी बसतं. बाकीचे दिवस ही मंडळी आपापले कामधंदे करतात. असल्या पार्टटाइम लोकांकडून कसला कायदा होतोय. आज दोन्ही बाजूंची जुंपली. विरोधक म्हणाले, लेखी प्रश्नांना नीट उत्तरं मिळालेली नाहीत. मंत्री म्हणाले, देतो. माझ्या हिशेबाने दोन वर्षांची निश्चिंती. आपल्याकडे एकदा भांडण लागलं की तारखांवर तारखा पडतात.

म्हणून परीक्षा पुढे ढकलली. कच्च्या तयारीने कशाला जा. शुभदाने तिची ढकलली नाही. स्वभाव.

मंगळवार, ७ एप्रिल
काठावरच्या पक्षातल्या एका सिनेटरबाईंना ईमेल टाकली. डच गुगलचं, डोकं माझं. सूचक लिहिलं की तुम्ही वेगळा निर्णय घेतलात तर उइटहॉर्नचा मराठी समाज पाठीशी उभा राहील. समाज म्हणजे आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यातल्या एकालाही इथे मत नाही, पण ते लिहिलं नाही.

शुक्रवार, १० एप्रिल
बाईंचं उत्तर आलं. पत्र वाचलं, आभार. दोनच ओळी. मुरलेला राजकारणी जास्त लिहीतच नाही. एक्सेलमध्ये बाईंना हिरवा रंग दिला. ग्रुपवरचा हार्लेमचा प्रतीक मला आता सिनेटर मोरेश्वर म्हणतो. बरं वाटतं.

शुक्रवार, १५ मे
शुभदा पास. लगेच नगरपालिकेत जाऊन स्वतःचा आणि आर्याचा अर्ज देऊन आली. मी म्हणालो, एवढी घाई कशाला. ती म्हणाली, तूही तारीख घे. रागाने नाही, थकून म्हणाली. ते जास्त लागलं. सोमवारी घेतो.

मंगळवार, १६ जून, दुपारी ३
हेग. सुट्टी टाकून सिनेटच्या प्रेक्षक गॅलरीत बसलोय. आज मतदान. वाटलं होतं माईक तुटतील, कागद फाटतील, तसलं काही नाही. टीव्हीवर एकमेकांना फाडून खाणारे दोघं मघाशी एकत्र कॉफी पीत होते. सेटिंग चालू आहे.

दुपारी ३.२०
अध्यक्षांनी काहीतरी वाचलं आणि सत्ताधारी बाकांवरचे सगळे एकदम उठले. सभात्याग. तोही सत्ताधाऱ्यांचा. माझ्या बाईसुद्धा उठल्या. अंगावर काटा आला. लगेच गॅलरीबाहेर पळत येऊन ग्रुपवर टाकलं: विधेयक पडलं. प्रतीकने पेढे कधी विचारलं.

रात्री
आर्याने डच बातमी वाचून इंग्लिशमध्ये सांगितलं. या सिनेटमध्ये ज्यांचा होकार असतो ते उभे राहतात. कुणी बाहेर गेलं नव्हतं. विधेयक पास. एक जुलैपासून दहा वर्षं, आधी दिलेल्या अर्जांना जुना नियम. परीक्षेची सगळ्यात जवळची तारीख ऑगस्टमधली. प्रतीकने ग्रुपवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

रविवार, २१ जून
परवा ऑफिसने सांगितलं, प्रोजेक्ट डिसेंबरपर्यंतच. शुभदा म्हणते, तोवर तिचा आणि आर्याचा निकाल येईल बहुतेक. मग ती मला नवरा म्हणून इथे ठेवून घेऊ शकते. जामीन तिचा. सहा वर्षांपूर्वी स्किफोल विमानतळावर मी हिला घ्यायला गेलो होतो, डिपेंडंट व्हिसावर आली होती. मला फार भीती वाटतेय आणि ते कुणाला सांगता येत नाही.

आज जेवताना तिने विचारलं, राहायचंय ना इथे? मी हो म्हणालो. डचमध्ये सांग, म्हणाली. आर्या खाली मान घालून वरणभात खात होती.

मी 'या' म्हणालो, म्हणजे डचमधलं हो. पुढचं वाक्य येत नव्हतं.