दोन नंबर शेडचे पाहुणे

८ सप्टेंबर, सोमवार

मिळाली! इंटर्नशिप मिळाली — राखोलीच्या त्याच कंपनीत, जिथे नाना धाग्याच्या मशीनवर आहेत. अकाउंट्स हा माझा पहिला मेजर, म्हणजे मुख्य विषय, त्यासाठी कुणी विचारलंसुद्धा नाही. इंटरनॅशनल बिझनेस दुसरा, हौसेने घेतलेला, आणि त्याच्यामुळे थेट एक्स्पोर्ट ऑफिसात बसायला मिळणार. कॉलेजच्या नेहा मॅडम म्हणाल्या, कंपनीला मराठी आणि इंग्रजी दोन्ही सफाईने बोलणारी मुलगी हवी होती.

नाना आधी खूश झाले, मग म्हणाले, "मी तुझा बाप आहे असं हापिसात दाखवू नको, बेटा. साहेब लोक मग तुला वेगळं वागवतात." आई चिडली. पण मी हो म्हटलं. मनातून थोडं बरंही वाटलं. हे फक्त इथेच लिहिते आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

एक्स्पोर्ट मॅनेजर चिन्मय सर. नाशिकचे. वाईट नाहीत — चुकलं तरी आवाज चढवत नाहीत, स्वतः समजावून सांगतात. मेल कसा लिहायचा ते शिकले. खिडकीतून दोन नंबरची शेड दिसते. नाना तिथेच.

१५ सप्टेंबर, सोमवार

परवा इथिओपियाहून पाहुणे येणार आहेत. मी सहज विचारलं, धाग्याची मोठी ऑर्डर आहे का? सर म्हणाले, धागा नाही, त्यांना मशीनं हवी आहेत. दोन नंबरची शेड दिवाळीनंतर बंद. कामगारांना शेवटी सांगायचं ठरलंय, आधी कळलं तर गडबड होते म्हणे.

"हे ऑफिसबाहेर जायला नको, रोहिणी. घरीसुद्धा नाही."

मी मान हलवली. माझे वडील त्याच शेडमध्ये आहेत, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता आई भाकरी थापतेय आणि नाना टीव्हीसमोर बसलेत. मला भूक नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

१६ सप्टेंबर

वर्गात मॅडमनी विचारलं, उत्पादन दुसऱ्या देशात हलवण्याचे फायदे कोणते? सगळे मीच सांगितले. शाबासकी मिळाली.

१७ सप्टेंबर, बुधवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

पाहुणे दोघं होते. त्यांच्यातल्या मुख्य बाई — शांत, बारीक आवाजाच्या, प्रत्येक गोष्टीला हात लावून बघणाऱ्या. शेडमध्ये सर सरळ नानांच्या मशीनपाशीच थांबले! ते माझे वडील आहेत हे सरांना ठाऊक नव्हतं. बाईंनी विचारलं, मशीन कसं चालतं? मी नानांना मराठीत विचारलं. नानांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. अगदी ठरल्याप्रमाणे.

मग बोलायला लागले. मशीन जुनं आहे पण कधी दगा दिला नाही. उन्हाळ्यातही धागा तुटत नाही. सांभाळलं तर अजून पुष्कळ चालेल. नानांना वाटलं, धागा घ्यायला आलेली पार्टी आहे. चांगलं सांगितलं तर ऑर्डर येईल, सगळ्यांचा ओव्हरटाइम सुरू होईल. आणि मी त्यातला शब्द न् शब्द इंग्रजीत करत होते.

बाई खूश. सर खूश. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या माणसाने तर आपलं काम सोपं केलं."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नाना रोज सांगतात — आईला, शेजारच्या काळूकाकांना, जो भेटेल त्याला. परदेशी पार्टी आली होती, माझ्याशी बोलली. माझं नाव घेत नाहीत. पण बोलताना माझ्याकडे बघून हसतात. मला तिथे बसवत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सांगून टाकलं.

बाजारातून येताना नानांना दमणगंगेच्या पुलापाशी गाडी थांबवायला लावली. पिशव्या हँडलला तशाच. सगळं एका दमात बोलले — शेड, दिवाळी, मशीनं. नानांनी गाडी बंद केली.

"मी बोललो ते सगळं तू त्यांना सांगितलं?"

"हो."

"नीट सांगितलं ना?"

मला रडूच फुटलं. नाना रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाडीला किक मारली आणि म्हणाले, बस.

२२ सप्टेंबर

नाना पहाटेच गेले. डबा घरीच राहिला. आज घटस्थापना, चाळीत गरब्याची तयारी चाललीय. आईला अजून काही माहीत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाहुणे पुन्हा आले, सौदा पक्का करायला. शेडमध्ये पाऊल टाकलं तर एकही मशीन चालू नव्हतं. सगळे आपापल्या जागी हाताची घडी घालून उभे. सर हळूच म्हणाले, "मेंटेनन्स चालू आहे, असं सांग."

मी तोंड उघडायच्या आत नाना पुढे आले. "बाईंना सांग, मशीन चांगलंच आहे. त्या दिवशी मी खोटं नाही बोललो. पण हे विकायला काढलंय, ते मला माझ्या पोरीकडून कळलं."

सर माझ्याकडे बघत होते. मान नकारार्थी हलवत होते.

मी सांगितलं. सगळं. आणि शेवटी, ती पोरगी मीच, हेही.

बाईंनी मशीनवरचा हात काढून घेतला. सरांना म्हणाल्या, या लोकांना माहीतच नव्हतं? सरांनी पाहुण्यांना घाईने बाहेर नेलं.

संध्याकाळी ऑफिसातून फोन आला. उद्यापासून येऊ नकोस.

२४ सप्टेंबर

नेहा मॅडम म्हणाल्या, कॉलेजचं नाव खराब झालं. दुसऱ्या मेजरचा प्रोजेक्ट याच इंटर्नशिपवर होता, त्याचं आता काय होईल, सांगता येत नाही. आई मला नाही, नानांना बोलली. नाना जेवले आणि झोपले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शेड वाचेल असं कुणालाच वाटत नाही. पण पाहुण्यांनी सौदा थांबवलाय आणि मालक कामगारांशी बोलणी करायला तयार झालेत. कंपनीचे वकील इंग्रजीत बोलणार, म्हणून कामगारांनी आपल्या बाजूने बसून भाषांतर करायला एक माणूस मागून घेतला. माझं नाव दिलंय. उद्या जाते आहे.