यादीतून लपवलेलं पातेलं

आई, तुझं ते मोठं पितळी पातेलं मी लपवलं होतं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

माझं दिवाळं निघालंय. लोक बोलतात ते खरंच आहे. विश्रामबागेतली आपली खानावळ तुझ्या डोळ्यांदेखत बंद करून मी लग्नाचा हॉल चालवायला घेतला, तू गेल्यावरही रेटत राहिले आणि शेवटी बसला तो. बँक, मांडववाला, कुणाचंच फिटेना. मग एका वकिलाकडून कोर्टात नादारीचा अर्ज करायचं ठरवलं. आपल्याजवळ आहे नाही ते सगळं लिहून द्यायचं, ते देणेकऱ्यांत वाटलं जातं, आणि कोर्टाला पटलं तर उरलेल्यातून सुटका. वकील कोण म्हणशील, तर तुझाच जेवणारा. तो उंच, किडकिडीत, आमटी वाटीनं न पिता ताटच तोंडाला लावायचा तो!

तो एकेक वस्तू विचारत होता, मी सांगत होते. फ्रीज, शिलाई मशीन, कानातलं, दोन कपाटं. यादी संपली तसं त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, मावशींचं मोठं पातेलं?"

"मोडीत घातलं."

"मावशींचं पातेलं तुमी मोडीत घालणार? आणि मला सांगताय व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरच्या चुलीवरची भांडी कोर्ट सोडतं. शंभर माणसांचं पातेलं सोडंल का न्हाई, मी सांगू शकत न्हाई. पण लपवलेलं घावलं तर अर्ज जाईल, वर तुमच्यावर केस. त्यातलंच जेवून वकील झालोय मी. खोटी यादी माझ्या हातनं देऊ नका."

असा राग आला मला त्याचा! पण तो बरोबर बोलत होता, म्हणून तर आला. पातेलं मी धाकटीकडं उंब्रजला नेऊन ठेवलं होतं.

ते आणायला निघाले आणि एसटीत सगळा रस्ता तूच डोळ्यांपुढं. कल्हईवाला येऊन गेला की तू पातेल्यात वाकून कुंकू सारखं करतेस. शेजारी बारशाला पातेलं मागायला येतात, तू मूठभर जोंधळे घालून देतेस. परत आलं की आधी तळ बघतेस. "रिकामंच धाडलं व्हय? बया बया, काय रीतभात हाय का न्हाई ह्यास्नी!" पोरं जेवताजेवता हसतात, मीही हसते.

हॉलच्या वेळी तू म्हणालीस, "परातीत मावंल तेवढंच पीठ मळावं गं." मी फाडकन बोलले, "तुला भाकरीपलीकडं काय कळतंय?" तरी हॉल सुरू झाला त्या दिवशी पातेलं चिंचेनं लख्ख घासून, तळाला गुळाची ढेप ठेवून तूच आणून दिलंस. मी गूळ काढून घेतला आणि पातेलं माळ्यावर टाकलं. स्टीलच्या नव्या भांड्यांत ते शोभत नव्हतं ना.

धाकटीनं पातेलं हातात दिलं तर तळाला गूळ. "रिकामं कसं देऊ? आई वरनं शिव्या घालंल," म्हणाली. परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "आवं, ह्याचं बी तिकीट लागंल, लय मोठं हाय." काढलं. वकिलापुढं बसून माझ्या हातानं यादीत लिहिलं: पितळी पातेलं, एक, काठावर आईचं नाव.

निकाल अजून लागलेला नाही. पातेलं न्यायला आलेच, तर मूठभर गूळ घालूनच देईन. नेणारा हसला तर हसू दे.

अर्जात एक रकाना होता, कर्ज कशामुळं झालं. वकिलानं सांगितलं तसं 'धंद्यात तोटा' लिहिलं, आणि ते खोटं नाही. पण भाकरीपलीकडचं तुलाच कळत होतं आई, मला नाही. हे तुला तोंडावर सांगायला हॉल सुरू झाल्यापासून तू जाईपर्यंत चांगली तीन वर्षं होती. रोज समोर बसून तुझ्या हातची भाकरी खात होते, आणि सांगितलं नाही.