हेलिकॉप्टर उडाल्यानंतरची वर्षं

प्रिय नीरज,

तुझ्या यादीतलं चौथं पुस्तकही अण्णांचं वाचून झालं, हे तुला कळवायचंच राहिलं. मेसेजवर दोन ओळी टाकता आल्या असत्या, पण मला जे सांगायचंय ते मोबाइलवर लिहायला बसले की पुसलंच जातं. म्हणून माझ्या स्वप्नालीच्या वहीची पानं फाडून घेतलीत. अक्षर सांभाळून घे.

गेल्या दिवाळीनंतर टीव्हीवर निक्सनबद्दल, अमेरिकेच्या त्या राजीनामा द्यावा लागलेल्या अध्यक्षाबद्दल, काहीतरी लागलं होतं. अण्णा जेवता जेवता थांबले. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "नीरजला विचार, या माणसावर चांगली पुस्तकं कुठली. तो इतिहासाचा माणूस, त्याला ठाऊक असणार." बारा वर्षांत त्यांनी तुझं नाव इतक्या सहज घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मी लगेच तुला मेसेज केला, आणि तूही अर्ध्या तासात पाच पुस्तकांची यादी पाठवलीस. आधी कुठलं वाचावं, कुठलं जड आहे, कुठल्यात पत्रकारांची बाजू आहे, कुठल्यात टेपांची, सगळं नीट लिहिलं होतंस. अण्णांनी ते माझ्याकडून कागदावर उतरवून घेतलं आणि तीनदा वाचलं. तू वर्गात शिकवतोस कसा, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

मग रोज सकाळी चहा झाला की गॅलरीत खुर्ची, मांडीवर उशी, उशीवर पुस्तक आणि शेजारी शब्दकोश. केबिन रोडवरच्या दुकानातून मी त्यांना मोठं भिंग आणून दिलं. दुपारी मी भाजी निवडायला बसले की वाचलेलं मला मराठीत सांगायचे. निक्सन स्वतःच्याच खोलीतलं बोलणं टेप करून ठेवायचा, हे ऐकून मी हसले. अण्णा नाही हसले. "माणसाला वाटतं, आपण नोंद ठेवली म्हणजे आपण खरे," एवढंच म्हणाले. राजीनामा दिल्यावर कर्मचाऱ्यांचा निरोप घेताना तो आपल्या आईबद्दल बोलला, ते पान त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मध्येच उठून आत गेले.

पण प्रत्येक पुस्तक संपलं की त्यांची एकच तक्रार. तो हेलिकॉप्टरमध्ये बसतो, हात वर करतो, हेलिकॉप्टर उडतं आणि पुस्तक आवरतं घेतात. "अरे, पण पुढे वीस वर्षं जगला ना तो! सकाळी उठून काय करायचा? बाहेर पडायचा का? घरातली माणसं काय बोलायची त्याच्याशी?" तसलं पुस्तक आहे का, म्हणून मी तुला पुन्हा विचारलं. तू लिहिलंस, "त्या वर्षांत कुणाला रस असतो, ताई? इतिहास तिथे संपतो." तुला त्यातून काही टोचायचं नव्हतं, हे मला कळलं. अण्णांना मी सांगितलं, नीरज शोधतोय. ते खूश झाले. म्हणाले, "सापडलं की घेऊनच ये म्हणावं, पोस्टाने नको."

नीरज, अण्णांची ती वर्षं मी पाहिलीत. निवृत्तीला आठ महिने उरले असताना ज्या माणसाला मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून उठावं लागलं, तो सकाळी उठून काय करतो ते मला माहीत आहे. तो दूध आणायला पावणेसहाला जातो, कारण तेव्हा कुणी भेटत नाही. बिल्डिंगच्या गणपतीत पंचवीस वर्षं आरती सांगणारा माणूस आता आरतीच्या वेळी बाथरूममध्ये नळ सोडून बसतो. जुने विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करायला लागले, तर त्यांना हाताला धरून उठवतो आणि पुढे जातो. तू तेव्हा लिहिलेलं पत्र त्यांच्याकडे आहे. 'कॉपीविरुद्ध बोलताना आता माझी मान वर होत नाही,' असं तू लिहिलं होतंस. अण्णा मला म्हणाले होते, "बरोबर लिहिलंय त्याने. मीच शिकवलंय तसं." आईच्या दहाव्याला तू आलास आणि मुक्कामाला बोरिवलीला सासुरवाडीला गेलास, तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "लांबून आलाय, दमला असेल."

ती मुलगी तुला आठवते का? राई गावची सलोनी, मासळीवाल्या सुगंधाची. आई इस्पितळात होती म्हणून दहावीच्या तोंडी परीक्षेला आली नव्हती, आणि तरी गुणपत्रकात तिला वीसपैकी अठरा दिलेले सापडले. तिचा निकाल अडकला, तिने ऑक्टोबरमध्ये परीक्षा दिली, पुढे शिकली नाही. आता आईच्या जागेवर बाजारात मासळी घेऊन बसते. मी दिसले की हाक मारते. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "सर बरे हाय ना? सरांना सांग, माझ्या मनात काय न्हाय. माझ्यासाठीच केलं त्यांनी." वर दोन बोंबील जास्त टाकले पिशवीत. मी ते घरी आणले, पण शिजवू शकले नाही.

पाचवं पुस्तक अर्धं झालं होतं. मागच्या मंगळवारी अण्णांच्या हातातून भिंग खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि तसेच कलंडले. मी आणि शेजारच्या नीलमने रिक्षात घालून मीरा रोडच्या इस्पितळात नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात आणि पाय हलत नाही, बोलायला जातात तर नुसता आवाज निघतो. जिवाचा धोका टळलाय, पण वाचा किती परत येईल, येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी तुला फोन केला नाही. फोनवर तू फक्त त्यांची तब्येत विचारली असतीस, आणि मीही फक्त तब्येतच सांगितली असती.

काल त्यांना भरवताना ते माझ्याकडे एकटक बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, मी नीरजला सगळं लिहिणार आहे." त्यांनी डावा हात उचलून जोरजोरात नाही, नाही असा हलवला. मग डोळ्यांतून पाणी आलं. ते अजूनही नाहीच म्हणताहेत की आता सुटल्यासारखं वाटतंय, हे मला कळलं नाही. विचारू कुणाला? बारा वर्षं त्यांनी मला स्वतःची शपथ घालून गप्प ठेवलं, आणि मी राहिले. आज त्यांना मला अडवता येत नाही म्हणून मी लिहितेय. यातही माझा शूरपणा काही नाही.

सलोनीने पुन्हा तोंडी परीक्षा घ्यावी म्हणून अर्ज दिला होता. तो शाळेच्या ऑफिसात माझ्याकडे दिला होता आणि मी तो खणात ठेवून विसरले. गुणांच्या याद्या बोर्डाकडे पाठवायच्या दिवशी तो हाती लागला. माझी क्लार्कची नोकरी अजून कायम व्हायची होती, स्वप्नालीचे बाबा घर सोडून गेले होते, मी घाबरले. रकान्यात अठरा लिहिले आणि खाली अण्णांची छोटी सही केली. किरकोळ कागदांवर ती करायची सवय त्यांनीच मला लावली होती. चौकशीत त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि म्हणाले, "सही माझी आहे." मी दाराबाहेर बाकावर बसून ते ऐकलं. उठून आत जायला चार पावलं होती, नीरज. मी गेले नाही. अण्णांनी काहीही केलेलं नाही. माझ्याशी नंतर बोल किंवा कधीच बोलू नकोस, पण त्यांना तुझं बोलणं अजून समजतंय, तोवर ये.

हे वाचूनही म्हणू दिलंस तर, तुझीच
सुचेताताई