अण्णांची मोगरी

पुणे, ८ सप्टेंबर २०२४

चि. गुरुनाथास अक्काचे अनेक आशीर्वाद. मागच्या पत्राला दोन महिने उत्तर नाही, त्याबद्दल त्यातले थोडे कापून घेतले आहेत.

कानात यंत्र घालून तुझ्याशी फोनवर बोलण्यापेक्षा पत्र बरं. कागद मध्येच 'अक्का, ऐकू येतंय का' असं विचारत नाही. इथे सगळं ठीक. अण्णांचं वर्षश्राद्ध पार पडलं. तांबट आळीत आता यंत्रावरच्या तांब्याच्या बाटल्या विकतात आणि गिऱ्हाइकाला हातकाम म्हणून सांगतात. आपल्या घरात अण्णांपर्यंत सात पिढ्यांनी तांबं ठोकलं आणि तू अमेरिकेत चर्चच्या छपरावर शिसं ठोकतोस, असं मी पाहुण्यांना सांगते. त्यांना वाटतं, तू बंदुकीच्या गोळ्या करतोस.

मुद्द्याचं. अण्णांच्या मागे यंदा पहिलीच खंडेनवमी करायची आहे. त्यांनी तुला दिलेली लाकडी मोगरी बावीस वर्षं कामावरच्या पत्र्याच्या कपाटात नवमी काढते आहे. यंदा घट बसतील त्या दिवशी हत्यारं घरी आण, पाटावर मांड आणि दसऱ्यापर्यंत हलवू नकोस. नातीला कळू दे आपण कोण ते. तिथले नियमबियम मला सांगू नकोस. ही विनंती नाही, आज्ञा आहे.

लोभ आहेच. सोबत थोडा धाकही असू दे.

तुझी अक्का


शिकागो, १४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्काच्या चरणी गुरुनाथचा सा. न. वि. वि. आज्ञा पाळल्याचा पुरावा म्हणून फोटो जोडला आहे.

पाहुण्यांना सांग, गोळ्या नाहीत. तांब्याला तापवावं लागतं, शिशाला फक्त धीर लागतो. मोगरीने हलके ठोके देत मठारत गेलं की ते जाड कापडासारखं वळतं. कोपऱ्यात कापून जोड द्यायचा नाही, ठोकत ठोकत इकडचं जास्तीचं तिकडे न्यायचं. पत्रा दारापेक्षा मोठा घ्यायचा नाही आणि खिळे एकाच कडेला मारायचे. दुसरी कड घडीखाली मोकळी राहते, कारण उन्हात शिसं पसरतं आणि थंडीत आकसतं. दोन्हीकडून ठोकून बसवलेला पत्रा काही वर्षांत फाटतो. आमच्या चर्चवर शंभर वर्षांपूर्वी कुणा उत्साही माणसाने नेमकं तेच केलं, म्हणून मला पगार आहे.

कामाचे कपडे आणि बूट तिथेच ठेवायचे, आंघोळ करूनच बाहेर पडायचं, हात खरडून धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. दर दोन महिन्यांनी रक्त तपासतात. आमचा फोरमन कुमार, त्याचं सोवळं पाहून आपली काकू लाजली असती.

पण हत्यारं आणली. ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली, डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून झेंडू आणला, हळदकुंकू वाहिलं. रेणूने विचारलं, बाबा, हे सेफ आहे ना. मी म्हटलं, अगं, पूजेतली वस्तू आहे. सुनेला शंका फार. सुशांत आणि ती ऑफिसात, म्हणून चार वाजल्यापासून आन्या माझ्याकडेच. नऊ दिवस पाटापाशी रांगत होती. दाढा शिवशिवताहेत, त्यामुळे मोगरी हातची सोडेना. फोटो पाहा, तेरा महिन्यांची पोर हत्याराला लागली. अण्णा असते तर पेढे वाटले असते. दसरा झाला, हत्यारं परत कपाटात गेली.

माया आहे तशी राहू दे, धाक थोडा कमी कर.

गुरुनाथ


शिकागो, २१ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास सा. न.

आज थट्टा जमणार नाही. इथे लहान मुलांचं रक्त शिशासाठी तपासतात. आकडा साडेतीनच्या वर गेला की घरी कळवतात. आन्याचा एकोणीस आला.

डॉक्टर म्हणाली, एवढ्याला औषध देत नाहीत, शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. मेंदूवर काय परिणाम झाला, असं विचारलं तर म्हणाली, आता सांगता येत नाही, शाळेत जाऊ लागली की हळूहळू दिसेल. रेणूने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी मीच बॅग भरली. कुमारच्या बेसमेंटमध्ये राहतो.

शहराचा इन्स्पेक्टर आला. खिडक्यांचा रंग, नळाचं पाणी, खेळणी, माझी गाडी, सगळं तपासलं. काही नाही. बावीस वर्षं शिसं ठोकणाऱ्या माझ्या रक्तात अकरा आहे आणि त्या पोरीच्या एकोणीस. अंजना संसार अर्ध्यावर टाकून गेल्यावर मला जगवलं ते या पोरीने. मी काय केलं, अक्का? लहानपणी माझी प्रत्येक चूक माझ्याआधी तुला सापडायची. ही शोधून दे.

प्रेम ठेव म्हणायची हिंमत नाही.

गुरुनाथ


पुणे, ६ डिसेंबर २०२४

चि. गुरुनाथास. आशीर्वाद देण्याची आज माझी लायकी नाही, तरी घे.

तुझं पत्र वाचलं आणि दसऱ्याचा फोटो बाहेर काढला. अख्ख्या आळीला कौतुकाने दाखवून झालाय तो. आज भिंग लावून पाहिला. पोरीच्या तोंडात काय आहे ते तूही पाहा.

बावीस वर्षं ज्या लाकडाने शिसं ठोकलं, ते शिसं प्यायलेलं असणार. ओल्या फडक्याने काय निघणार? हात खरडून चहा पिणारा माणूस, पूजेची वस्तू म्हटल्यावर आंधळा झाला. आणि तुला आंधळा मी केला. तू नियम सांगशील हे ठाऊक होतं, म्हणून आधीच तुझं तोंड बंद केलं होतं. इन्स्पेक्टर आला तेव्हा मोगरी कपाटात होती. त्याला कशी सापडणार?

पत्र पोचायला पंधरा दिवस लागतील, म्हणून शेजारच्या हिमानीला आत्ताच तुला फोन लावायला सांगितलंय. ती फक्त मोगरी एवढंच सांगेल. बाकीचं तिच्या तोंडून वदवायला मला लाज वाटली. रेणूला माझं सप्टेंबरचं पत्र दाखव. शब्द न् शब्द माझा आहे. यापुढे मी तुला कसलीही आज्ञा करणार नाही.

माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते रेणू ठरवेल.

अक्का


शिकागो, ९ फेब्रुवारी २०२५

ती. अहिल्याआत्यांना रेणूचा नमस्कार. शाळेनंतर मराठी लिहिलेलं नाही, चुका सांभाळून घ्या.

हिमानीचा फोन आल्यावर बाबांनी मोगरी इन्स्पेक्टरकडे नेली. मशीन लावलं, आकडा त्याच्या लिमिटच्या बाहेर गेला. त्याने ती पिवळ्या पिशवीत सील केली. मग बाबांनी मला सगळं सांगितलं आणि तुमचं पत्र पुढे ठेवलं. मी एकच वाक्य बोलले. "बाबा, तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त सांभाळलंत, म्हणून मला तुमच्यावर नीट ओरडतासुद्धा येत नाहीये." मग सुशांतवर ओरडले, तो समोर होता.

जानेवारीत आन्याचा आकडा पंधरा आला. हाडात गेलेलं असतं, हळू उतरतं म्हणे. मी रोज तिचे शब्द मोजते. दहा तरी हवेत, आठ आहेत. सगळे सांगतात, काही मुलं उशिरा बोलतात. मला सगळ्यांचा राग येतो.

बाबांनी काम सोडलं. चर्चचं उत्तरेकडचं छप्पर अर्धं शिशाचं आहे आणि अर्ध्यावर निळी ताडपत्री. कुमार रोज बेसमेंटमध्ये उतरून कामावर चल म्हणतो, ते ऐकत नाहीत. ख्रिसमसला मी स्वतः त्यांना घरी बोलावलं. आले नाहीत. दर रविवारी येतात, समोर गाडी पार्क करतात, हीटर लावून दोन तास बसतात. मी आन्याला खिडकीत धरते. मागच्या रविवारी खाली जाऊन काच वाजवली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, यांच्यात किती मुरलंय कुणाला माहीत, तिचं काय होतंय ते एकदा कळू दे, मग येईन. त्यांचा आकडा तर पहिल्यापासून तिच्याहून खाली आहे, आत्या.

तिचा आठवा शब्द आबा आहे. काचेला बोट लावून म्हणते.

मला तुमचा राग आला होता. अजून आहे. पण ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणे आता आज्ञा करत नाही. एक करा. पत्र माझ्या पत्त्यावर पाठवा, मी गाडीपाशी नेऊन देईन.

रागासकट तुमचीच,
रेणू


पुणे, २५ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुनाथास,

माझ्या आज्ञेची किंमत आपण दोघांनी पाहिली, म्हणून ही आज्ञा नाही. मी हात जोडते आहे. असं तुझ्यापुढे कधी केलं नव्हतं, तेव्हा नीट वाच.

पोरीचं काय होतंय ते कळल्यावर येईन म्हणतोस. ते पाच वर्षांनी कळेल, कदाचित तेव्हाही धड कळणार नाही. तोवर रस्त्यावर बसणार? काही बिघडलं नसेल, तर तिची पाच वर्षं तू फुकट घालवलीस. बिघडलं असेल, तर एकच गोष्ट शंभरदा शिकवायला त्या घरात तुझ्याइतका धीराचा माणूस दुसरा नाही.

रेणू थंडीत उभी असेल. गाडी बंद कर आणि तिच्या मागोमाग जिना चढ. हात धू. तुझ्या समाधानासाठी दोनदा धू. मग पोरीला घे. खाली ठेवावंसं वाटेल, ठेवू नकोस.

अक्का