कमी झालं, अण्णा

अण्णा, तुमची नात पंधरा वर्षांची झाली आणि तिला संधिवात आहे. एवढ्या लहान मुलांनाही तो होतो हे मलाही माहीत नव्हतं. तीन वर्षं औषधं चालू आहेत, पण दुखणं पूर्ण जाणार नाही असं डॉक्टरांनी सरळच सांगितलंय. तिची शाळा, व्यायाम, माझं ऑफिस, सगळं सांभाळताना नाकी नऊ आलेत. आता दर शनिवारी के. आर. पुरमहून तिला जयनगरला नेते. तिथे एक बाई अशा मुलांना डोळे मिटून बसायला शिकवतात. श्वासाकडे बघायचं, मग जिथे दुखतं तिथे लक्ष न्यायचं, त्याच्याशी भांडायचं नाही. एवढ्यासाठी इतक्या लांब यायचं, असं पहिल्या दिवशी मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिथेच तुम्ही आठवलात. कारखान्यात यंत्र कुरकुरायला लागलं की तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाशी धरायचात. कुणी पाना घेऊन धावलं तर अर्ध्या कानडीत म्हणायचात, "अरे, स्वल्प ऐक तरी आधी." घरी माझी अर्धशिशी उठली की तेच. मी बारावीत आहे, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेय, आणि तुम्ही दुपारच्या शिफ्टचा डबा बाजूला ठेवून समोर फरशीवर बसता. "कुठे आहे? सरकतंय का?" एवढंच विचारता. मला राग येतो. डॉक्टरकडे न्यायचं सोडून हा माणूस माझं यंत्र तपासतोय. मग कारखान्याची बस चुकेल म्हणून मी सांगते, "कमी झालं, अण्णा." तुम्ही "सरी, बरं" म्हणून उठता, आणि तुमचा चेहरा मोकळा झालेला असतो.

मी तर ऐकतही नाही, मोजते. घरी तिचं रोजचं बसणं संपलं की विचारते, दहापैकी किती? आणि वहीत लिहिते. गेला महिनाभर ती रोज तीन सांगत होती, आणि मी बहिणीला फोन करकरून सांगत होते की गुण येतोय. काल बाटलीचं झाकण उघडता उघडता ती ओट्याशीच रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, सकाळी तर तीन होतं."

"आठ होतं, आई. महिनाभर आठच आहे. तीन म्हटलं की तू नीट जेवतेस."

आज वही माळ्यावर टाकली आणि तिच्या शेजारी नुसती बसले. विचारलं काही नाही. दोनदा डोळे उघडून चोरून तिच्याकडे बघितलं, ते मात्र राहवलं नाही. फार थकलेय, अण्णा. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. त्या सगळ्या दुपारी तुम्ही बसला होतात तेव्हा माझं डोकं दुखायचं एकदाही कमी झालं नव्हतं.